माळखिंड थांबा

पिवळ्या पाटीवर गावाचं नाव तीनदा.
मराठीत, हिंदीत, इंग्रजीत.
पहिल्या दोन ओळी हुबेहूब सारख्या,
तरी रंगाऱ्यानं पैसे दोन्हींचे घेतले, अण्णा म्हणायचे.
खाली समुद्रसपाटीपासूनची उंची.
समुद्र पाहिलेली माणसं गावात तेव्हा पाच-सहा,
उंची मात्र पोराटोरांना पाठ.

स्टेशनमास्तर नाही. सिग्नल नाही.
चहाचा गाडा नाही.
एक खिडकी, एक नळ,
निंबाखाली सिमेंटची दोन बाकं, त्यातल्या एकाला पाठ नाही,
आणि अण्णा, कमिशनवर.

रेल्वेचे नोकर नव्हतेच ते.
लोक मास्तर म्हणायचे, ते नको म्हणायचे नाहीत.
दर सोमवारी स्वतःचे पैसे बंडीच्या खिशात घालून
जेजुरीला जायचे, तिकिटांचे गठ्ठे विकत आणायला.
निघताना खिडकीच्या आत उभे राहून
स्वतःलाच एक तिकीट द्यायचे,
तारखेच्या यंत्रात घालून, खट्.
सुटे नसले की स्वतःवरच चिडायचे.

पुण्याकडची गाडी सहा बावन्नला.
हौसाबाई कामथे त्याच्या आधी तासभर हजर,
अंजिरांच्या पाट्या, वर अंजिराचीच पानं,
बोटांना चीक, त्यानं नोटा चिकटायच्या.
‘हडपसर एक. आन् पाटीचं काय इचारू नका.’
गार्ड कुरेशी खाली उतरून मोजायचे:
बाया सात, पाट्या अकरा, मिनिट एक.
सहा चढल्या की शिट्टी,
उरलेल्या पाच ते स्वतःच्या डब्यात ओढून घ्यायचे.
गाडी मग खिंडीत वळेपर्यंत
त्यांच्या हातात हिरवा झेंडा आणि एक अंजीर.
वेळापत्रकात यातलं काही नव्हतं.

एकदा अण्णांनी मिरजेची दहा तिकिटं आणली.
दवाखान्यांचं गाव, जाईल कुणीतरी.
आई म्हणाली, असला माल कशाला भरता.
वर्षात नऊ गेली.
बोरावक्यांचा गळा. सरूचं बाळ.
गेनबा झेंडे डोळ्यासाठी गेले आणि
दुसऱ्या डोळ्यासाठी परत गेले.
बाकीची मला आठवत नाहीत, अण्णांना आठवायची.
दहावं फळीवर राहिलं.
त्यानंतर मिरजेची त्यांनी आणलीच नाहीत.
कुणी मागितलं तर साताऱ्याचं द्यायचे,
पुढचं तिथं काढा, म्हणायचे.

ते स्वतः गेले ते रात्री दोनला,
कामथ्यांच्या जीपमधून, आडवे.
त्या वेळेला गाडी नसते.

आता रूळ दोनाचे चार झाले, वर तारा आल्या.
फलाट इतका उंच झालाय
की बाकं बुटकी दिसतात.
हौसाबाईंची सून टेम्पोनं माल पाठवते,
रस्त्यावरून जाताना हात करते.
खिडकी माझ्याकडे आहे.
काल सहा तिकिटं गेली, त्यातलं एक माझं.
निंबाखालचं कुत्रं सहा पन्नासला उठून उभं राहतं
आणि गाडी उशिरा असली
तर माझ्याकडे बघतं.

परवा फळी पुसताना दहावं सापडलं.
जाड पुठ्ठा, एक कोपरा कसरीनं खाल्लेला,
मिरज छापलेलं, तारीख कोरी.
पुसून परत तिथंच ठेवलं.

आज एक पोरगा आला, हातात एक्स-रेचं पाकीट,
आजी बाकावर, पाठ नसलेल्या.
‘मिरज दोन.’
मी म्हटलं, साताऱ्याची देते, पुढची तिथं काढा.
‘अहो पण गाडी थेट जाते की.’
जाते, म्हटलं.
सुटे आहेत का?